कुरणातल्या गाठी

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन उदयसिंहाला दीड वर्ष झालं होतं, पण खुर्चीत टेकला की अजून त्याचा पाय हलायला लागायचा. अंगण झाडून व्हायचं, ट्रॅक्टर धुऊन व्हायचा, गोठ्यातली दावी एका मापाची करून व्हायची, आणि घड्याळात जेमतेम आठ वाजलेले असायचे. उंब्रजच्या बाजारात ओळखीची माणसं त्याला लांबून बघून गल्ली बदलायची, कारण हा भेटला की त्यांच्या कामात हात घालायचा. आता मात्र त्याला स्वतःचं काम मिळालं होतं, आणि त्या कामानं त्याला पार भंडावून सोडलं होतं.

झालं असं की, दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर देवळात भावकी बसली आणि चुलतभाऊ इंद्रजितनं कुरणाचा विषय काढला. गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर भावकीचं बारा एकर कुरण आहे. पूर्वी कार्तिकात बायका विळ्यानं ते कापायच्या आणि पेंढ्या नऊ घरांत वाटल्या जायच्या. आता रोजानं माणूस मिळत नाही. दोन वर्षं गवत उभंच वाळलं आणि गेल्या उन्हाळ्यात वणव्यात गेलं. इंद्रजितचं म्हणणं सरळ होतं. सोलरची कंपनी जागा मागतेय, देऊन टाकू.

"आन् जनावरं काय काचा खातील व्हय?" उदयसिंह उठून उभाच राहिला. "यंत्रानं कापू. मी कापून दावतो."

आप्पासो भावकीतले सगळ्यांत वडील. त्यांनी पानाला चुना लावता लावता निकाल दिला. "तुळशीच्या लग्नाच्या आत दाव. जमलं तर कुरण राहील. न्हाई जमलं तर इंद्रजित म्हणतोय तसं."

उदयसिंहाला कुरणापेक्षा आपल्या आईची काळजी होती. बनुबाईनं चाळीस वर्षं त्या उतारावर गवत कापलं होतं. गवतावर म्हशी, म्हशींवर घर, आणि घरावर हा साताऱ्याच्या वसतिगृहात राहून शिकला आणि अठराव्या वर्षी भरती झाला. आता तिच्या बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागायचा. तरी दोन म्हशी सोडायला ती तयार नव्हती. कुरण गेलं तर म्हशी जाणार, आणि म्हशी गेल्या तर ही बाई सकाळी उठून करणार काय, हा प्रश्न त्याला रिकामपण चांगलं ठाऊक असल्यामुळे जास्तच टोचत होता.

दिवाळी झाल्या झाल्या तो सांगलीला गेला. विश्रामबागेतल्या मैदानावर अवजारांचं प्रदर्शन होतं. तिथं त्यानं तीन चकरा मारल्या. मल्चर लगेच बाद केला, उसाच्या पाचटाचा करतो तसा तो गवताचाही भुगा करणार, त्याची पेंढी कशी बांधायची? राहिली दोन यंत्रं. एक ताटल्यांचं. ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, खाली ताटल्या गरगरा फिरतात आणि त्यांना लावलेली पाती गवत उडवतात. दुसरं कात्रीचं. ट्रॅक्टरच्या बाजूला लांब पट्टी निघते आणि तिच्यात दातांसारखी पाती पुढं-मागं सरकतात.

"सुभेदारसाहेब, कात्री म्हणजे जुना जमाना," यंत्रं विकणारा वीरधवल म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, तोंडात साखर. "ताटल्यांवर एकर तासाभरात मोकळा. कात्रीला दोन तास घाला."

उदयसिंहाला वेग पसंत होता. तरी मन एका जागी राहीना. ताटल्यांपाशी उभा राहिला की कात्री आठवायची, कात्रीपाशी गेला की ताटल्या. शेवटी त्यानं आईला फोन लावला आणि दोन्ही यंत्रं समजावून सांगितली.

"धोंडा म्होरं आला तर थांबतंया का?" बनुबाईनं विचारलं.

"आगं, यंत्र हाय ते. त्याला काय डोळं हायत?"

"मग चालिवणाऱ्याला तरी दिसतोय का?"

त्याला हसू आलं. आईला यंत्रातलं काय कळतंय, असं मनाशी म्हणून त्यानं फोन ठेवला. ताटल्यांचं यंत्र गुरुवारी कुरणात आणून चालवून दाखवायचं ठरलं. पसंत पडलं तर तेच घ्यायचं.

मधले चार दिवस त्याला खायला उठले. बनुबाई रोज उजाडता उजाडता कुरणात जायची आणि उन्हं चढल्यावर बोटं चोळत परत यायची. "कशाला तडफडतीस गं?" म्हणून तो ओरडला, तर ती म्हणाली, "तुझ्या यंत्रासाठीच." त्यानं पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण त्याच्या डोक्यात तेव्हा फक्त ताटल्या फिरत होत्या.

गुरुवारी वीरधवल दहाला येणार होता. उदयसिंह सातलाच कुरणात हजर. पवन्या आणि कुसळीचं गवत कमरेला लागत होतं, पिवळं, भरलेलं. काय करावं म्हणून तो हिंडू लागला, आणि त्याला ते दिसलं. ठिकठिकाणी गवताचे झुबके एकत्र ओढून त्यांना गाठ मारलेली. इथं एक, तिथं एक, वर चार. उनाड पोरांचा खेळ, त्याला वाटलं. असली गाठ ताटलीत अडकली तर सगळं यंत्र गुरफटणार! शिवाय साडेदहाला भावकी येणार, आणि मैदान असं? साहेबाच्या पाहणीआधी परेडचं मैदान साफ करून घेणारा माणूस तो. त्यानं बाह्या सारल्या आणि वाकून एकेक गाठ सोडायला घेतली. गाठ सोडायची, बुडाशी न बघता गवत हातानं विंचरून सरळ करायचं, पुढं जायचं. मोज्यांत कुसळं शिरली, पाठ भरून आली, पण दीड वर्षात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. शेवटची, एक्केचाळिसावी गाठ सुटली तेव्हा सगळं कुरण एकसारखं उभं होतं.

यंत्र आलं. भावकी बांधावर बसली. उदयसिंह स्वतः ट्रॅक्टरवर चढला. पहिला पट्टा असा काही निघाला की इंद्रजितसुद्धा "आयला!" म्हणाला. दुसऱ्या पट्ट्याच्या मध्यावर बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. ट्रॅक्टर हादरला. मागून एक पातं सुटलं आणि बांधापासून दहा हातांवर जमिनीत घुसलं. माणसं उठून पळाली. उदयसिंहानं इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारली.

गवताखाली धोंडा होता. चांगला पायलीएवढा, अर्धा जमिनीत.

"दादा, आता पुरं," इंद्रजित म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, तो खरोखर घाबरला होता. "माणूस मेला असता आज."

बनुबाई कमरेवर हात ठेवून उतार चढून आली. तिनं धोंड्याकडं बघितलं, मग आजूबाजूच्या गवताकडं. "गाठी कुणी सोडल्या?"

मग ती मुलाकडं वळली.

"उदय, मी चार दिस गाठी मारल्या हुत्या. येकेका धोंड्यावर येक. कुणी सोडल्या?"

"पूर्वी कापणी निघायच्या आधी बाया मारायच्या," आप्पासो हळूच म्हणाले. "इळा धोंड्यावर बसू नये म्हणून. लय वर्सांत बघितल्या न्हाईत."

उदयसिंहानं आईच्या हातांकडं बघितलं. चहाचा कप न पेलणारी बोटं, चार सकाळी, एक्केचाळीस गाठी. आणि त्यानं त्या तासाभरात सोडून टाकल्या होत्या, वर गवत विंचरलं होतं. सांगलीच्या मैदानातून फोन केला तेव्हा तिनं विचारलेले दोन्ही प्रश्न आता त्याला कळले.

"मी सोडल्या," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मला म्हाईत नव्हतं. चूक माझी हाय, यंत्राची न्हाई. आप्पासो, तुळशीच्या लग्नाला पाच दिस हायत. मला ते द्या."

आप्पासोंनी जमिनीत घुसलेल्या पात्याकडं पाहिलं. "दिले," ते म्हणाले. "पर आता बांधावर कुणी बसणार न्हाई. लांबनं बघू."

मोडकं यंत्र ट्रॉलीत चढलं आणि त्याच संध्याकाळी उदयसिंहानं वीरधवलला कात्रीचं आणायला सांगितलं. ती पट्टी चालवणाऱ्याच्या नजरेसमोर, बाजूला असते. गाठ दिसली की लिव्हर ओढायचा, पट्टी उचलायची, धोंडा ओलांडला की टेकवायची. गवत बुडातून अख्खं पडतं, पेंढी बांधता येते. हळू तर हळू.

दुसऱ्या दिवशी मायलेक कुरणात उतरली. बनुबाई काठीनं दाखवायची, तो गाठ मारायचा. तिला कुठंही शोधावं लागत नव्हतं. "हितं तुझ्या बाचा इळा मोडला हुता. ह्यो रुतणारा, दर साली खाली जातोय. आन् ह्या मोठ्याच्या आडोशाला तुला निजवून मी कापायची." त्यानं फौजेत शिकलेली पक्की गाठ मारली, तर ती करवादली, "तंबू बांधतोयस व्हय? वढली की सुटली पायजे." एक्केचाळिसावी गाठ मात्र तिनं त्याला मारू दिली नाही. स्वतः खाली बसली आणि ओठ दाबून बराच वेळ लावून मारली. तो शेजारी उभा राहिला, काही न करता.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी कुरण कापून झालं. एकही पातं धोंड्याला लागलं नाही. आप्पासोंनी एक पेंढी उचलून हुंगली आणि इंद्रजितच्या खांद्यावर टाकली. "ने घरला. तुज्या बैलास्नी घाल." इंद्रजितनं ती नेली.

भावकी पांगली. रिकाम्या उतारावर तेवढे गाठींचे एक्केचाळीस झुबके उभे होते. बनुबाईनं कमरेचा विळा काढून मुलाच्या हातात दिला. "आता सोड. आधी सोडायचं नसतं, मागनं सोडायचं. मग काप. इळा चार बोटं वर धर. बूड राखलं तर म्होरल्या साली उगवंल."

आयुष्यात पहिल्यांदा तो गवत कापत होता. दिवस कलेपर्यंत त्यानं चाळीस गाठी सोडल्या आणि कापल्या. एक्केचाळिसाव्यापाशी येऊन थांबला. ती आईची होती.

"आरं सोड की. म्हशी वाट बघत्यात."

त्यानं ती सोडली नाही. चार बोटं वर विळा लावला, झुबका गाठीसकट कापला, काखेत धरला आणि तिच्या मागोमाग घराकडं चालू लागला.