आठव्या तालमीचा वाघ

शब्दांशिवाय, नुसत्या वाद्यांनी गोष्ट सांगता येते, आणि माणसानं अशी सांगितलेली पहिली गोष्ट भीतीचीच असणार, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी नागभीडला एका सत्कारात मांडलं. कडकडून टाळ्या पडल्या. मागून कळलं, जेवणाची पंगत बसल्याची खूण कुणीतरी त्याच क्षणी केली होती.

ऐकलं होतं एकट्या देवानंदनं. हा आमच्या गावच्या बँडचा मास्तर. चौदा माणसं, लग्नाच्या वराती वाजवणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर.

"बापूरावभाऊ, तालुक्याच्या महोत्सवात वीस मिनटं भेटली. गानं नाई, नाच नाई. नुसत्या बाजानं वाघ उभा करू. गोष्ट तुमी लिवा."

मी लिहिली. नाव, 'मोहाची सकाळ'. मोहाची फुलं टपटप गळतात, ती साइड ड्रमवर काडीच्या टोकानं. बायका वेचायला येतात, त्या दोन ट्रम्पेट, कारण त्या बोलत येतात. झाडावरचं वानर वाघ बघून खाकरतं, ते इतवारीचं क्लॅरिनेट. मग वाघ, म्हणजे नथ्थूचा मोठा भोंगा. शेवटी सगळे पळतात. त्याची तालीम घ्यायची गरज नाही, असं सर्वानुमते ठरलं.

संध्याकाळी वराती असायच्या, म्हणून तालीम सकाळी. जागा गावाबाहेरची, बंद पडलेल्या धानगिरणीची शेड. शेडच्या मागे एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, आणि बांधीपलीकडे खरं मोहाचं रान.

पहिल्या दिवशी इतवारीनं क्लॅरिनेटमधून 'खाक्! खाक्!' असं वानर काढलं आणि रानातल्या बायका फुलं टाकून गावात पळत आल्या. इथे वानर खाकरलं की माणूस प्रश्न विचारत नाही, पळतो. गेल्या दोन वर्षांत आमच्या गावानं तीन माणसं वाघापायी घालवली, वाकून काहीतरी वेचताना. बायकांनी खरं कारण कळल्यावर बँडचा जो उद्धार केला, तो इथे देत नाही. इतवारीची बायको गिरजा त्यात सगळ्यात पुढे होती.

दुसऱ्या दिवशी निम्म्या पळाल्या. चौथ्या दिवशी कुणी मान वर करेना. देवानंदला ते लागलं. "आता कोनी पळत नाई. म्हंजे वाजवनं बिघडलं," म्हणाला, आणि वानराची तालीम दुप्पट केली.

आठव्या दिवशी तालमीत चहा चालला होता. रानातून 'खाक्! खाक्!' आलं.

"वा, इतवारी!" नथ्थू म्हणाला.

इतवारीच्या हातात चहाचा गिलास होता. क्लॅरिनेट पेटीत होतं.

पुन्हा आलं. या वेळी लांबलचक, थांबून थांबून. मग एक चितळ ओरडलं, टोकदार, सुई टोचल्यासारखं. आमच्या रचनेत चितळ नव्हतंच.

"रानात कोन हाय?" देवानंदनं विचारलं.

"बाकीच्या मघाशीच वापस गेल्या," इतवारी म्हणाला. त्याचा गिलास खाली ठेवायला त्याला जागा सापडेना. "गिरजा एकटी हाय. थे म्हने, माह्या नवऱ्याचं वान्नर, त्याले काय भ्यायचं?"

घरात मोबाइल एक, तो इतवारीच्या खिशात. आम्ही बांधीत उभं राहून हाका मारल्या. वारा रानाकडून आमच्याकडे येत होता. हाका परत आमच्याच तोंडावर आल्या.

"बाजा घिऊन जाऊ," देवानंद म्हणाला. "मोठ्या घोळक्याले, गोंगाटाले थो वाट देते."

"आन् नाई देल्ली तं?" नथ्थू म्हणाला. "मले भोंगा घिऊन पळता येत नाई."

"तं नोको पळू. वाजव."

"काय वाजवू? वाघ वाजवला तं थे समजन तालीम हाय!"

हे खरं होतं. त्या वीस मिनिटांतला एकही सूर आता कामाचा उरला नव्हता. शेवटी नवरदेव घोड्यावर चढताना वाजवतात ती धून ठरली, आणि आम्ही निघालो. माझ्या हातात कुणीतरी झांजा दिल्या.

भ्यालेला बँड कसा चालतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. पुढच्यांना पुढे जायचं नसतं आणि मागच्यांना शेवटी राहायचं नसतं. त्यामुळे बांधी ओलांडेपर्यंत चौदा माणसांचा एक गोळा झाला होता, आणि ट्रम्पेटची कड माझ्या मानेत रुतत होती. तोंडं कोरडी पडलेली. ट्रम्पेटमधून सूर कमी, वारा जास्त. एकटा इतवारी सगळ्यांच्या पुढे होता. तो वाजवत होता की रडत होता ते क्लॅरिनेटमुळे कळत नव्हतं.

रानात शिरलो आणि वानर गप्प झालं.

तोवर मला वाटायचं की ते खाकरणं भयंकर. ते थांबणं जास्त भयंकर. वाघ गेला तरी ते थांबतं, आणि तो झुडपाआड दबा धरून दिसेनासा झाला तरी थांबतं. कुठलं थांबणं हे कळायला आमच्याकडे काही नव्हतं. मोहाचा गोड, आंबूस वास, पायाखाली वाळकी पानं, आणि प्रत्येक पान मोडलं की नथ्थूचा भोंगा एक ठोका चुकायचा.

गिरजा दिसली. तिसऱ्या मोहाखाली, पाठमोरी, कमरेत वाकलेली, आठ दिवसांच्या सवयीनं बाजाकडे लक्षच न देता. तिच्या मागे पंधरा-वीस हातांवर गवत होतं, आणि गवतात, गवताच्याच रंगाचं, एक डोकं होतं.

कुणी ओरडलं नाही. देवानंदचा हात फक्त वर गेला आणि चौदाही जणांनी, जितका होता तितका श्वास, वाद्यांत ओतला. मी झांजा अशा आपटल्या की मनगटं आठवडाभर दुखली. डोकं आमच्याकडे वळलं. पिवळे डोळे एकेकावरून फिरले, माझ्यावर थांबल्यासारखे वाटले. तसे ते प्रत्येकालाच वाटले. मग तो उठला. कार्यक्रम न आवडलेला प्रमुख पाहुणा उठतो तसा, घाई न करता, आणि बांबूत गेला.

गिरजा वळली. "काऊन जी देवानंदभाऊ, जंगलात कोनाचं लगीन लावून राह्यले?"

देवानंदनं बोट दाखवलं. गवत अजून हलत होतं. तिनं ते पाहिलं, मग गवतापासून आपल्या पायापर्यंतची जागा पाहिली. बराच वेळ पाहिली.

"वान्नर आयकलं व्हतं मीनं," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज अगदी खाली आला होता. "मले वाटलं तुमीच हा. मनात म्हनलं, आज बाप्पा लई बरोबर जमलं यायले."

इतवारी मटकन खाली बसला. त्याच्या शेजारी देवानंद. चितळ लांब कुठंतरी, आता दुसऱ्या दिशेला, एकदा ओरडलं.

गिरजानं टोपलं उचलायला घेतलं. ते कमरेच्या वर जाईना, फुलं काठावरून सांडू लागली. तिनं ते परत खाली ठेवलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"चौदा जन आलेच हा तं," ती म्हणाली, "येवढं टोपलं डोक्शावर चढवून द्या ना कोनी."