दोघींचा फ्लॅट

अरशदने मोबाइल मोहिनीबाईंच्या हातात दिला आणि तो भिंतीला टेकून बसला. त्याचे रोजे चालू आहेत हे मोहिनीबाईंना चहाचं आधण ठेवल्यावर आठवलं. त्यांनी गॅस बंद केला.

मेसेज 'सागरछाया' सोसायटीच्या ग्रुपवरचा होता. दापोलीपलीकडच्या त्या गावात कासवांची पिल्लं समुद्रात सोडायला सुरुवात झाली होती. पाहायला येणाऱ्यांनी लॉज भरून गेले होते. खाडीवरचा नवा पूल सुरू झाला होता, सोसायटीच्या टाकीची गळतीही काढली होती. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, की दुसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट घेतल्या किमतीच्या दुपटीने गेला. आणखी कोणाला विकायचा असेल तर पाडव्याच्या आत कळवावं, पुण्याची गिऱ्हाइकं थांबली आहेत.

मोहिनीबाईंनी हा मेसेज सकाळीच पाहिला होता. कासवाच्या पिल्लाचा फोटो मोठा करून बघितला होता. शेवटच्या ओळींवरून मात्र त्यांनी नजर भरकन काढून घेतली होती.

"मावशी, तुमचा दोघींचा फ्लॅट देऊन टाकू या का?" अरशदने खाली बघत विचारलं. "अम्मीला आमच्या तिसऱ्या मजल्यावरून उतरवणं आता होत नाही. गल्लीच्या तोंडाशी खालची खोली विकायला निघालीये."

मोहिनीबाईंनी मोबाइल त्याला परत दिला. या मुलाला त्यांनी ड्यूटी रूममधल्या बाकावर झोपवलं होतं. त्याची आई हमीदा रात्रपाळीला त्याला बरोबर घेऊन यायची. तिचा नवरा गेला तेव्हा अरशद चालतही नव्हता. दोघी जळगावच्या सरकारी दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात स्टाफ नर्स. हमीदा शहरातली, मोहिनी यावलकडच्या केळीवाल्या पाटलांच्या घरातली. मोहिनीचं लग्न राहूनच गेलं. आधी भावांची शिक्षणं होती, मग आईचं आजारपण, आणि पुढे कोणी विचारायचंच थांबलं.

एकदा मे महिन्यात स्टाफची सहल कोकणात गेली. जळगावात पत्रे तापून रात्री झोप लागत नव्हती असे ते दिवस होते. हमीदा चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उभी राहिली ती बाहेर यायलाच तयार नव्हती. बसवाला हॉर्न वाजवून थकला. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, रिटायर झालो की इथंच येऊन राहायचं. मोहिनीने ते हसण्यावारी नेलं नाही. निवृत्तीनंतर दोघींनी आपापल्या फंडातून अर्धे अर्धे घालून समुद्राकडे तोंड असलेला एक लहानसा फ्लॅट घेतला. भावांनी वेड्यात काढलं. कायमचं जायचं म्हणून गेल्या वर्षी सामानही बांधलं, आणि त्याच महिन्यात हमीदाची उजवी बाजू गेली.

"तिला विचारल्याशिवाय नाही," मोहिनीबाई अरशदला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. जिना अरुंद, मधे एक वळण, कठडा एकाच बाजूला. वरच्या खोलीत नाजमीन सासूला खिमट भरवत होती. मोहिनीबाईंनी सगळा मेसेज वाचून दाखवला. कासवांचं ऐकून हमीदा अर्ध्या तोंडाने हसली. विकण्याचं ऐकल्यावर तिने चमचा डाव्या हाताने बाजूला सारला. तिचे शब्द जड झाले होते, पण मोहिनीबाईंना सगळे कळत. मोहिनीशी बोलताना हमीदा तिच्याच गावाकडची बोली बोले. ती सवय आजारातही गेली नव्हती.

"इकू नको. तू जाय. तिथं ऱ्हाय. मले काय, मी इथं बरी."

जिना उतरताना मोहिनीबाईंना हलकं वाटलं. पुढचे काही दिवस त्यांनी मनातल्या मनात बरंच काही ठरवलं. उन्हाळा लागायच्या आत निघायचं. एक भाड्याची खोली आणि भावाकडून येणारे केळीचे घड, एवढंच इथं आपलं उरलं आहे. तिथे निदान खिडकी उघडली की वारा तरी येईल. हमीदाने स्वतःच सांगितलं आहे, असंही त्या स्वतःला बजावत राहिल्या.

गुरुवारी हमीदाला व्यायामासाठी न्यायचं होतं. मोहिनीबाई नेहमीपेक्षा लवकर पोचल्या आणि पहिल्यांदाच त्यांना तिला उतरवताना पाहावं लागलं. एरवी त्या थेट दवाखान्यात भेटत. हमीदाला प्लास्टिकच्या खुर्चीत ओढणीने बांधलं होतं. अरशद उलट्या पावलांनी पुढे, त्याच्या मोटार-रिवाइंडिंगच्या दुकानातला कामगार नवल मागे. अरशदचे ओठ रोज्याने सुकले होते. वळणावर खुर्ची तिरकी झाली, कठड्यावर आपटली, आणि हमीदा ओरडली. मग तिच्या साडीतून पाणी खाली ओघळायला लागलं. एकेक पायरी करत ते मोहिनीबाईंच्या पायापर्यंत आलं. शेजारचं एक दार उघडलं आणि हळूच बंद झालं.

वॉर्डात प्रसूतीच्या घाईतसुद्धा बाईच्या अंगावरची चादर सरकू न देणारी नर्स म्हणून हमीदाचं नाव होतं. त्यापायी ती डॉक्टरांशी भांडली होती. आता तिने डोळे मिटून घेतले होते. झोपल्याचं सोंग आहे हे मोहिनीबाईंना बघताक्षणी कळलं.

त्यांनी नाजमीनला वरून चादर, दुसरी साडी आणि बादलीभर पाणी आणायला सांगितलं. पुरुषांना खाली पाठवलं. तिथेच जिन्यात, चादरीच्या आडोशाने, त्यांनी हमीदाला पुसलं, साडी बदलली.

दवाखान्यातून परत आल्यावर हमीदाला पलंगावर नीट टेकवून त्या शेजारी बसल्या.

"मी विचार केला," त्या म्हणाल्या. "मला नाही करमणार तिथं. खारं वारं, सगळं गंजतं. बोलायलाही कोणी नाही. विकू या तो."

हमीदाने त्यांच्याकडे बघितलं.

"खोटं बोलू ऱ्हायली."

"हो," मोहिनीबाई म्हणाल्या.

हमीदाने मान भिंतीकडे वळवली. थोड्या वेळाने तिचा खांदा हलताना दिसला. मोहिनीबाई उठल्या आणि औषधाच्या बाटल्या उगाच एका रांगेत लावत राहिल्या.

त्या वर्षी पाडवा आणि ईद लागून आले. ईद झाल्यावर हमीदाचं मुखत्यारपत्र घेऊन अरशद आणि मोहिनीबाई कोकणात गेले. गिऱ्हाईक म्हणजे पुण्याचं एक जोडपं होतं, बोलायला नम्र. फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने द्यायचा त्यांचा बेत होता. खिडकीशी शेजारी शेजारी मांडलेल्या दोन खाटा बघून त्यातल्या बाईंनी विचारलं, या तुम्ही नेणार का? नेणार कुठे, म्हणून मोहिनीबाई नाही म्हणाल्या. दलाल चांगला माणूस होता. सही झाल्यावर तो हळहळला. रस्ता रुंद होतोय, दिवाळीपर्यंत थांबला असतात तर भाव आणखी चढला असता, असं त्याने दोनदा सांगितलं.

किल्ल्या सकाळी द्यायच्या होत्या. संध्याकाळी अरशद किनाऱ्यावर गेला. आंब्याला कैऱ्या लागल्या होत्या, खाली रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या लावायला जागा नव्हती. सोसायटीच्या मात्र बहुतेक खिडक्या बंद होत्या. मोहिनीबाईंनी बाल्कनीत जाऊन व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नाजमीनने फोन हमीदासमोर धरला. मोहिनीबाईंनी पाणी दाखवलं, होड्या दाखवल्या, वाळूतलं कासवांच्या अंड्यांसाठी घातलेलं जाळीचं कुंपण दाखवलं. लाइन तुटली की काय म्हणून त्यांनी हाक मारली.

"समुद्र पुरे झाला," हमीदा म्हणाली. "तुहं तोंड दाखव."

मोहिनीबाईंनी फोन आपल्याकडे वळवला. नाजमीनचा हात अवघडेपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

चैत्र संपता संपता हमीदा खालच्या खोलीत राहायला आली. एक उंबरा, की पुढे गल्ली. संध्याकाळी तिची खुर्ची दारात ठेवत. जाणाऱ्या-येणाऱ्या बाया "सिस्टर, कशा आहात?" म्हणून थांबत. यातल्या कित्येकींची बाळंतपणं तिनेच केली होती. ती डावा हात वर करी. सुरुवातीचे काही दिवस ती बरी होत चालली आहे असंच सगळ्यांना वाटलं. मग तिचं बोलणं कमी झालं. दारात न्या असं म्हणणंही थांबलं. डॉक्टरांनी तपासून मोहिनीबाईंना बाहेर बोलावलं आणि नर्सला सांगावं तसं मोजक्या शब्दांत सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मोहिनीबाई आता रोज दुपारी येत, नाजमीनला विश्रांती देत आणि ऊन उतरल्यावर आपल्या खोलीवर जात.

त्या दिवशी वीज गेली होती. मोहिनीबाई पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. हमीदाने डोळे न उघडता डावा हात पुढे केला, चाचपडत त्यांच्या पदराचं टोक धरलं आणि मुठीत गोळा केलं. मग तिला झोप लागली. गल्लीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढलं. नाजमीन चहा ठेवून गेली, मावशी आता निघा, उशीर होईल, असं हळूच म्हणाली.

कळा येणाऱ्या बायकांच्या मुठी मोहिनीबाईंनी आयुष्यभर सोडवल्या होत्या. करंगळीपासून सुरुवात करायची, एकेक बोट उचलायचं, झोपलेल्याला कळतही नाही.

त्यांनी पुठ्ठा दुसऱ्या हातात घेतला आणि पदर तसाच राहू दिला.