पाण्यानं शंभरालाच उकळावं

त्या शाळेत प्रयोग करायची एक रीत होती. आधी पुस्तकातलं उत्तर वहीत उतरवायचं, मग त्याला जुळेल असं निरीक्षण लिहायचं, आणि वेळ उरलाच तर स्पिरिटचा दिवा पेटवायचा. वेळ कधी उरत नसे. प्रयोगशाळेचा थाट मात्र विचारू नका. पाहुणे आले की मुख्याध्यापक त्यांना आधी तिथं नेत, कपाटातली कोरी करकरीत उपकरणं दाखवत, आणि पाहुण्यांची पाठ वळली की किल्ली परत खिशात.

विज्ञानाच्या बाई नव्यानं आल्या त्या भांडतच. "गणित-विज्ञानाचं नाव घेतलं की तुमची छाती फुगते, आणि तुमच्या पोरांना परीक्षानळी कशी धरतात ते ठाऊक नाही," असं त्यांनी मुख्याध्यापकांना तोंडावर सुनावलं आणि किल्ली ताब्यात घेतली. वर्षभर काचा फुटल्या, बोटं भाजली, बाईंनी मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली. पण पोरं बघायला शिकली. जे दिसेल तेच लिहायचं, यावर बाई अडून बसल्या होत्या.

प्रात्यक्षिक परीक्षेला त्यातलीच एक मुलगी घोळात सापडली. पाणी किती अंशाला उकळतं ते तिला काढायचं होतं. तिनं पाणी खळखळ उकळवलं, तापमापीला डोळे लावून बसली, आणि लिहिलं, सत्त्याण्णव. गाव होतं उंच डोंगरावर. तिथं हवेचा दाब कमी, पाणी शंभरापर्यंत जायची वाट बघत नाही. मुलीनं कारणही खाली नीट लिहिलं होतं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कारण वाचलंच नाही. लाल पेन उचललं.

"सर, जरा थांबा," बाई म्हणाल्या. "पाणी अजून उकळतंय. स्वतः बघा की."

परीक्षकांनी वाकून पाहिलं. सत्त्याण्णव. बाईंनी दुसरी तापमापी बुडवली. तीही सत्त्याण्णव.

"बाई, मी काय अडाणी आहे का?" परीक्षक हळू आवाजात म्हणाले. "डोंगरावर कमीच भरणार. पण मला दिलेल्या नमुना उत्तरात शंभर आहे. सत्त्याण्णवला मी गुण दिले तर वर जाब मला द्यावा लागेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाला माहीतच नसतं तर एक वेळ समजावता आलं असतं. इथं सगळं कळत होतं, आणि तरी लाल पेन हातातच होतं.

मुख्याध्यापक लगबगीनं मध्ये पडले. "अहो, पेन्सिलीनं तर लिहिलंय. खोडायला कितीसा वेळ लागतो? इथले गुण गेले तर पोरीला विज्ञान शाखा मिळायची नाही. मग तुमचं ते सत्त्याण्णव घेऊन ती कुठं जाईल?"

मुलीनं बाईंकडे पाहिलं. तिला विज्ञानच हवं होतं, दुसरं काही नको होतं, हे बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ताठ राहायचं बाईंनी आणि किंमत मोजायची या पोरीनं, हा कुठला न्याय? बाईंनी संताप गिळला.

"खोड, बाळ," त्या म्हणाल्या. "शंभर लिही."

मुलीनं खोडरबर घेतलं. सत्त्याण्णव गेलं, त्याखालचं कारणही गेलं, कारण आता ते जुळत नव्हतं. परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले. "हुशार आहे हो तुमची मुलगी," असंही म्हणाले. मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला. बाईंना मात्र त्या दोघांच्या अंगावर ते उकळतं पाणी ओतावंसं वाटलं.

मुलगी आवरून बाहेर पडली. दाराशी तिची मैत्रीण आपला नंबर यायची वाट बघत उभी होती. चेहरा उतरलेला.

"अगं, घाबरतेस कशाला?" मुलगी तिला समजावत होती, आणि दाराआडून बाईंना शब्दन् शब्द ऐकू येत होता. "दिवा पेटवायच्या भानगडीत पडूच नकोस. पुस्तकातलं लिहून दे. बाईसुद्धा तेच सांगतात."

हे ती चिडून म्हणत नव्हती. मैत्रिणीच्या भल्यासाठी सांगत होती.