स्टिअरिंगखालची काळी डबी

मी एक जुना इमोबिलायझर आहे. ओळखलं नाहीत ना? चोराने कितीही चावी फिरवली तरी इंजिनाला हूं की चूं करू न देणारी काळी डबी, ती मी!

डर्बनच्या उमलाझी वस्तीत मा सितोले शाळेची व्हॅन चालवत. नवऱ्यामागे त्यांचं घर ओढणारी ती व्हॅनच एक. म्थोकोझिसी नावाच्या फिटरने मला आणि माझ्या जोडीदार भोंग्याला तिच्यात बसवलं. नेमका त्या दिवशी फुटबॉलचा मोठा सामना. मला गाडीच्या पोटात खोल दडवायचं सोडून पठ्ठ्याने स्टिअरिंगखाली चिकटवलं. वर दोन लालभडक वायरी!

"झालं, मा! आता खुद्द सैतान आला तरी त्याला गाडी ढकलतच न्यावी लागेल."

मित्रांनो, मी फुगलो. भोंगा तर चेकाळलाच. मांजर उडी मारो की वारा सुटो, हा बोंबलणार! कुत्र्यांनी त्याची चाल पाठ केली, कोंबड्या अंडी घालायचं विसरल्या.

"पोरी, तुझ्या व्हॅनचा घसा बसत नाही का गं कधी?" शेजारचे झुंगूआजोबा विचारायचे.

"राखण करतेय ती, आजोबा!"

एका रविवारी मा चर्चला गेल्या आणि चोर आला. भोंगा जीव तोडून ओरडला. "बोंबलू दे मेल्याला," म्हणत आजोबांनी रेडिओ मोठा केला. चोराचा हात थेट स्टिअरिंगखाली! लाल वायरी कापल्या, जोडल्या. गाडी सुरू. हूं की चूं केलं नाही ते मीच.

व्हॅन ओढ्याकाठी सापडली, चाकं नि बाकं गमावून. आजोबा मान वर करेनात. म्थोकोझिसीने त्या वायरी पाहिल्या आणि तो मटकन खालीच बसला.

"चुकलो, मा. आणि एकदाच नाही. वस्तीतल्या सगळ्या गाड्यांत डबी इथंच लावलीय मी."

"मग इथं काय बसलास रडत? ऊठ, आधी त्यांची दारं ठोठाव! माझी गाडी कुठं पळतेय आता? चाकं आहेत का तिला?"

आणि त्याच्यापुढे मा स्वतःच चालू लागल्या.

मित्रांनो, नुसत्या आवाजाला भुलू नका. डबी खोल दडवा, वायरी गाडीतल्या बाकी वायरींच्याच रंगाच्या घ्या, आणि भोंगा उगाच ओरडला तर त्याच दिवशी दुरुस्त करा.

मला आता आत, अंधारात बसवलंय. चाकं मात्र अजून आलेली नाहीत. सकाळी मा पोरांना पायीच शाळेत नेतात. जाताजाता लहानगी व्हॅनच्या काचेवर थापा मारतात. भोंग्याने तेव्हा खुशाल ओरडावं, असं मला फार वाटतं.

तो बिचारा शरमेने गप्प असतो.