निकिफोर काकांची तोफ

निकिफोर काका त्यांची तोफ विकणार आहेत हे आम्हाला रविवारी प्रार्थनेनंतर चहा पिताना कळलं. चर्चच्या मागच्या खोलीत पिरोक, म्हणजे आत मासे भरून भाजलेली जाड पोळी, कापली जात होती, आणि काका पिरोकचा दुसरा तुकडा ताटात ओढता ओढता सहज बोलल्यासारखं बोलले, "आता खांदा दुखतो. बोटीला नवीन इंजिन हवंय. द्यावी म्हणतो कुणाला तरी."

खोलीतले सगळे हसले. तोफ म्हणजे त्यांचं रिव्हॉल्व्हर. मोठ्या गोळीचं, जाड नळीचं, पोलादी. छातीवर तिरक्या पट्ट्यात अडकवून काका जंगलात जायचे, टपाल आणायला जायचे, एकदा तर बाप्तिस्म्यालाही आले होते. त्या पट्ट्याशिवाय काका म्हणजे मिशीशिवाय वॉलरस, असं कुणीतरी म्हणालं.

माझी बहीण अकेलिना मात्र हसली नाही. तिने कप खाली ठेवला.

"काका, मला दाखवाल?"

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिने तो बाजूला सारला.

आमचं गाव कोडियाक बेटाच्या दक्षिणेकडे आहे. रस्ता गावातच सुरू होतो आणि गावातच संपतो. बाहेर जायचं तर बोट नाहीतर छोटं विमान. बोटीने तासाभरावर एक नदी खाडीला मिळते. तिथे आमच्या आईची झोपडी आणि मासे धुरावर वाळवायचं खोपट आहे. आई गेल्यावर अकेलिनाताईने ते चालवलं. तिच्या हातचा धुरावलेला सॅल्मन म्हणजे गावात नाताळची भेट. लोक तो अँकरेज शहरातल्या आपल्या लेकीसुनांना पाठवायचे.

मग ती शरद ऋतूतली दुपार. ताई खोपटासाठी भूर्जाचं लाकूड गोळा करत होती. बंदूक दारापाशी टेकवलेली, चार पावलांवर. झुडपातून पिलं असलेली अस्वलीण निघाली ती थेट अंगावर. त्या चार पावलांचं अंतर ताईला कापता आलं नाही. मी बोटीत होते. भोंगा वाजवत, ओरडत मी काठाकडे आले तोवर अस्वलीण पिलं घेऊन निघूनही गेली होती. तिला फक्त ताईला बाजूला करायचं होतं. पण तिने बाजूला केलेला ताईचा डावा हात पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. अँकरेजच्या डॉक्टरांनी हात वाचवला, तरी बोटं मिटत नाहीत. तांब्याच्या तारेसारखी वाकडी राहतात.

त्यानंतर दोन उन्हाळे खोपटाचं दार बंद होतं. ताई गावात राहायची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, नदीचा विषय निघाला की भांडी घासायला उठायची. आणि तिसऱ्या उन्हाळ्यात, लाल सॅल्मन खाडीत उड्या मारायला लागल्यावर, एका सकाळी म्हणाली, "मार्फा, मी जाणार आहे वर, नदीवर."

म्हणून तिला ती तोफ बघायची होती. बंदुकीला दोन हात लागतात. रिव्हॉल्व्हर एका हाताने चालतं, आणि छातीवर असतं; दारापाशी टेकवून ठेवावं लागत नाही.

"घेऊ नकोस," काकांच्या घरी जाताना मी वाटेत म्हणाले.

"अजून बघितलंही नाही."

"बघितलंस की घेशील. मी ओळखते तुला. आणि घेतलंस की जाशील."

"मग तुझा राग त्या लोखंडावर आहे की माझ्यावर?"

मी भराभर चालायला लागले. खरं तर तिने वर जाऊच नये असं मला वाटत होतं. तिचं ते रक्ताने भिजलेलं जाकीट अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

काकांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर टॉवेल अंथरला आणि त्यावर रिव्हॉल्व्हर अशा ऐटीत ठेवलं, जणू बाळच झोपवतायत. सोबत लांबलचक काडतुसांचा डबा. "ही बघ. एक लागली की अस्वल आडवं. दुसरी लागतच नाही. या हाताने किती उडवल्यात, विचारू नकोस."

"नाही विचारत," ताई म्हणाली, आणि तिने ते तपासायला घेतलं. आमच्या वडिलांनी आम्हा दोघींना शस्त्र साफ करायला शिकवलं होतं, पण मन लावून शिकली ती ताईच. तिने आत गोळी नाही हे आधी पाहिलं. गोळ्या भरायची चक्री बाहेर काढायला डावा हात लागतो. तिने उजव्या अंगठ्याने खटका दाबला आणि डाव्या मनगटाने चक्री ढकलली. नळीतून खिडकीकडे पाहिलं. चक्री बंद करून, बोटांनी हलवून, कुठे लटपटते का ते पाहिलं. घोडा ओढला, सावकाश सोडला.

"नळी स्वच्छ आहे," ती म्हणाली.

"आहेच मुळी! माझं शस्त्र आहे."

"चला, उडवून बघू."

काकांचा चेहरा किंचित बदलला. "आत्ता? वारा आहे."

"वाऱ्याने तोफेला काय होतंय?" मी म्हणाले. खरं सांगते, ताईला तो दणका बसावाच असं मला वाटत होतं. म्हणजे विषय संपला असता.

कचऱ्याच्या खड्ड्यामागे खडीचा उंच ढीग आहे, गावातले सगळे नेम तिथेच धरतात. काकांनी वाळू भरलेली रंगाची रिकामी बादली ढिगाच्या पायथ्याशी ठेवली. आम्ही कानांवर जाड झाकणं चढवली. ताईने डब्यातलं एक लांब काडतूस चक्रीच्या घरात सोडलं.

ते अर्ध्यावर अडकलं.

तिने दुसऱ्या घरात दुसरं घातलं. तेही अडकलं. बोटाने दाबलं, जाईना. चक्री बंदच होईना.

"थंडीमुळे," काका म्हणाले.

"जून महिना आहे, काका."

ताईने काडतुसं काढली, चक्री उजेडाकडे धरली आणि प्रत्येक घरात डोळा लावून पाहिलं. मग करंगळी आत घालून फिरवली. बाहेर आली ती काळी. तिने कानांवरची झाकणं खाली घेतली.

"काका, या चक्रीत लांब आणि छोटी, दोन्ही काडतुसं बसतात ना?"

"बसतात की."

"छोटी उडवत राहिलं की त्यांच्या तोंडापुढे काजळीचं कडं धरतं. लांब काडतूस त्या कड्यावर जाऊन अडतं." ती बोलत होती हळू, जणू चर्चमध्ये आहे. "कडं चांगलं जुनं आहे. लांब काडतूस शेवटचं कधी उडवलंत?"

काका खडीकडे बघत राहिले. एवढा मोठा माणूस, पण खांदे उतरल्यावर त्यांचं जाकीट त्यांना मोठं व्हायला लागलं.

"घेतलं त्या आठवड्यात," शेवटी म्हणाले. "एकदाच. उसळून कपाळावर आली. टोपी गेली पाण्यात. मनगट महिनाभर सुजलं होतं, बायकोला सांगितलं जेटीवर घसरलो म्हणून." त्यांनी नाक पुसलं. "मग छोटीच घालत आलो. पण डबा लांबांचा ठेवायचो. लोक विचारायचे ना."

"अस्वलांच्या जंगलातही छोटीच?"

"छोटी म्हणजे काही पिसवा मारायची नाहीत गं! जड गोळी असते. अस्वलाला पुरते, नेम लागला तर. लांब काडतुसाने माझा नेम लागलाच नसता."

मी तोंडावर हात ठेवला, पण हसू फुटलंच. वीस वर्षं आख्खं गाव ज्या तोफेला वचकून होतं तिचा खरा दणका तिच्या मालकानेच एकदा खाल्ला होता. काका माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले, आणि मग त्यांचंच पोट हलायला लागलं.

ताई हसत नव्हती. ती त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती.

"तुम्हाला भीती वाटायची?" तिने विचारलं.

"त्याची?" काकांनी रिव्हॉल्व्हरकडे बोट केलं. "दर वेळी."

"आणि तरी अंगावर घालून जात होतात."

"मासे आपल्या पायांनी घरी येतात होय?"

काकांनी घरून तारेचा ब्रश आणि तेल आणलं. ताईने चक्री गुडघ्यांत धरून एकेक घर घासून काढलं. लांब काडतुसं आता अलगद आत गेली. आणि तिने त्यातलं एक उडवलंच. आवाजाने माझ्या छातीत धक्का बसला. रिव्हॉल्व्हर तिच्या डोक्याच्याही वर गेलं, ती दोन पावलं मागे आली, गोळी कुठे गेली ते देवालाच माहीत. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. झालं, मी मनात म्हटलं. सुटलो.

"आता छोटं द्या," ती म्हणाली.

छोटं काडतूसही काही गोड बोलत नव्हतं. पण ते तिला धरता आलं. उजव्या मुठीत रिव्हॉल्व्हर, खाली आधाराला त्या न मिटणाऱ्या डाव्या हाताचं मनगट. पहिली गोळी खडीत. दुसरी बादलीच्या बाजूला. तिसरीने बादली उलटली आणि वाळू भसाभसा बाहेर सांडली. ताईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. आई रागावली की ती असाच चेहरा करायची: मी केलंय, आणि पुन्हा करणार.

"घेतेस?" काकांनी विचारलं.

"अजून नाही. बादली काही अंगावर येत नाही. वर नेऊन बघते, मग सांगते. तुम्हीही चला."

त्यानंतर ती रोज खडीवर जायची. पट्टा आपल्या मापाचा शिवून घेतला, म्हणजे उजवा हात सरळ मुठीवर पडेल. स्वयंपाकघरात रिकामं रिव्हॉल्व्हर काढायचा सराव करायची. बटाटे सोलता सोलता एकदम हात पुसून काढायची, आणि मी दचकायचे.

आम्ही निघालो तो दिवस निवांत होता, पाणी काचेसारखं. काका बोटीच्या पुढच्या टोकाला बसून न थांबता बोलत होते. नदीचं तोंड दिसलं तसे तेही गप्प झाले. ताई आधी उतरली. "हेऽऽ, आम्ही आलोय!" ती मोठ्याने ओरडली. आई अशीच ओरडायची; अचानक समोर जाऊन कुणाला दचकवू नये म्हणून.

खोपटाच्या वाटेवर ताई मध्येच थांबली. पलीकडच्या काठावर, उथळ पाण्यात, एक अस्वलीण उभी होती. मागे दोन पिलं. तीच होती की दुसरी, कसं सांगणार? मधे नदी होती, पण अस्वलाला ती नदी म्हणजे आपल्या ओट्याची पायरी.

ताईचा हात मुठीवर गेला. हात तिथेच राहिला, रिव्हॉल्व्हर बाहेर आलं नाही. मी एक पाऊल मागे टाकलं. काका कुजबुजले, "मार्फा, हलू नकोस. तिला बघू दे."

अस्वलिणीने मान वर केली, वारा हुंगला. ताई बोलायला लागली. ओरडून नाही, पण स्पष्ट आवाजात, शेजारणीशी बोलावं तशी. "दिसलीस गं बाई. तुझी पोरं मोठी झाली. तू तुझ्या काठावर, मी माझ्या. मासे दोघींना पुरतील." आवाज मध्येच फाटला, तरी ती बोलत राहिली. अस्वलिणीने पाण्यात तोंड घातलं, एक लाल सॅल्मन उचलला आणि पिलांना घेऊन वरच्या वळणाकडे निघाली. घाई नाही, मागे वळून बघणं नाही.

ताई ओंडक्यावर बसली. बराच वेळ तिला श्वासच पुरेना. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तिचा वाकडा हात माझ्या मांडीवर घेतला.

"परत जायचं का?" मी विचारलं.

तिने मान हलवली. "भीती गेली नाही, मार्फा. मला वाटलं होतं, हे अंगावर असलं की जाईल. तशीच आहे." मग जरा थांबून, "पण मी पळाले नाही. डोकं चालत होतं. ती पाण्यात उतरली असती तर काय करायचं, ते मला ठाऊक होतं." ती काकांकडे वळली. "काका, घेते मी."

"पण तुला ते वापरायला लागलंच नाही की!"

"लागू नये म्हणूनच घेते."

काकांनी गंभीरपणे हात पुढे केला आणि तिचा उजवा हात हातात घेऊन हलवला. मग म्हणाले, "ते टोपीचं... गावात..."

"कुठली टोपी?" ताई म्हणाली.

मीही गावात कुणाला सांगितलं नाही. हे आता सांगतेय, कारण मागच्या नाताळात काकांनी स्वतःच ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. त्यात टोपीसोबत दोन दातही गेले होते म्हणे.

खोपटाचं दार फुगलं होतं. आम्ही तिघांनी मिळून खांदा लावला तेव्हा उघडलं. आत कोळ्यांची जाळी, उंदरांची घरटी, आणि त्या सगळ्याखालून येणारा जुन्या धुराचा वास. संध्याकाळपर्यंत आम्ही जाळं टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने मासे चिरायच्या फळीत एक लांब खिळा ठोकला. माशाचं डोकं त्या खिळ्यात रोवायचं, मग एका हाताने सुरी सरळ शेपटीपर्यंत जाते. पहिले दोन-तीन मासे वाकडेतिकडे चिरले गेले, ते आम्ही तिथेच खाल्ले. काका लाकडं फोडत होते आणि दर घावाला खांद्याच्या नावाने बोंबलत होते.

मी मासे काठीवर टांगायला घेतले. ताईने वर पाहिलं.

"असे चिकटवून नको टांगूस. मधून धूर गेला पाहिजे. आईने शिकवलं नाही का तुला?"

"तूच शिकवणार होतीस. दोन वर्षं कुठे होतीस?"

"शाळेत बटाटे सोलत होते," ती म्हणाली, आणि तिने पुढचा मासा खिळ्यात रोवला.