पुढचा ॲक्सल

धाकट्याने आपल्या छोट्या जीपला मोठाले टायर बसवले, तेही न विचारता, आणि थोरल्या भावाच्या डोक्यात तिडीक गेली. गॅरेज दोघांचं, पण शेवटचा शब्द थोरल्याचा. त्याने गिऱ्हाइकांसमोरच तोंडसुख घेतलं. "उंदराला हत्तीचे पाय लावलेस. आता चढावर ढकलायला चार माणसं ठेव." सगळे हसले. धाकटा हसला नाही. त्या दिवसापासून दोघांत अबोला. एकाच गाडीखाली काम करायचे, पण पाना हवा असला तर ज्याचा तो उठून घ्यायचा.

थोरला बोलला ते खोटं नव्हतं. टायर मोठे झाले की इंजिनावर ताण येतो आणि चढाला गाडी धापा टाकते. उपाय एकच, चाकं फिरवणाऱ्या पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलमधले गिअर बदलायचे. एवढं त्याने नीट सांगितलं असतं तर धाकट्याने ऐकलंही असतं. पण नीट सांगेल तो थोरला कसला.

'चुकलं' हा शब्द त्याच्या तोंडून बायकोनेही कधी ऐकला नव्हता. माफी मागायची ती हातांनी, ही त्याची रीत. त्याने गुपचूप दोन्ही ॲक्सलचे गिअर मागवले. मागचे आधी आले, ते धाकटा सासरी गेलेला असताना बसवून टाकले. पुढचे यायचे होते. तोवर मागच्या चाकांवर जीप मजेत चालली असती; फक्त फोर-व्हील टाकायचं नाही, म्हणजे चारही चाकांना जोर द्यायचा नाही, कारण मग जुन्या गिअरची पुढची चाकं एका वेगाने ओढणार आणि मागची दुसऱ्या. म्हणून अशा वेळी पुढच्या चाकांना जोर पोचवणारा शाफ्टच काढून ठेवतात. हे नवशिक्यालाही कळतं. पण शाफ्ट काढला की धाकट्याच्या लक्षात येणार, मग गंमत काय राहिली? ज्याच्याशी बोलणं बंद, त्याला सरप्राइज द्यायला निघाला होता शहाणा.

धाकटा परत आला तो संध्याकाळी जीप घेऊन थेट टेकडीवर. खड्या चढावर त्याने फोर-व्हील टाकलं. वळणावर पुढच्या ॲक्सलमध्ये काहीतरी कडाडून तुटलं आणि जीप मागे घसरत चरात गेली. त्याचं उजवं मनगट चिरडलं. पूर्वीची पकड आता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दवाखान्यात थोरल्याने खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं. कित्येक आठवड्यांतलं त्याचं भावाशी हे पहिलंच बोलणं. आधीच तोंड उघडलं असतं तर हा हात वाचला असता, या विचाराने त्याचा जीव तुटत होता.

धाकटा छताकडे बघत म्हणाला, "मुद्दाम नाही ना केलंस, दादा?"

"अरे, तुझ्यासाठीच केलं रे. आईशपथ."

"बरं. ठेवला विश्वास." त्याने मान भिंतीकडे वळवली. "पण मला विचारावं लागलं, दादा."

थोरल्याला त्याच्या प्लास्टरवर हात ठेवायचा होता. ठेवलेला धाकट्याला चालेल की नाही, हेच त्याला कळेना.