निळा उतरला

भट्टीच्या भोकातून उस्तादने लांब आकडीने मातीच्या ताटल्यांसारखीच झिलई दिलेली नमुन्याची कडी ओढून काढली. लालबुंद कडी विटेवर निवत गेली, आधी काळवंडली आणि मग निळी झाली. चांगली डोळ्यांत भरेल इतकी निळी.

"झालं. जाळ बंद कर," तो बायकोला म्हणाला.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनने डोकंही फिरतं की काय, असं बायकोला वाटलं. गेली चार वर्षं याच वेळी तो 'अजून कच्चा आहे' म्हणत आणखी तीन तास जाळ घालायला लावत असे. नीट बघा, म्हणून तिने दोनदा सांगितलं. तो नीटच बघत होता, चार वर्षांत पहिल्यांदा.

कच्ची झिलई राखेसारखी फिकट असते. तिच्यातला निळा जाळच बाहेर काढतो, आणि कुठे थांबायचं ते कळतं म्हणून तर सगळे त्याला उस्ताद म्हणत. पण या चार वर्षांत जाळ जास्त होऊन झिलई ओघळायची आणि ताटल्या भट्टीतल्या फळ्यांना चिकटायच्या. दोन वर्षांपूर्वी मुलीने अशीच कडी हातात घेऊन सांगितलं होतं, की बाबा, निळा छान उतरलाय, आता थांबू या. त्याला कडी शेवाळल्यासारखी हिरवट दिसली. कारखान्यातल्या सगळ्यांसमोर तो तिला म्हणाला होता, "तुला डोळेच नाहीत." उस्तादच्या जिभेला हाड नव्हतंच. महिन्याभरात ती भट्टी सोडून फरशीच्या कारखान्यात पॅकिंगला लागली.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली. एकूण एक ताटली निळीशार. बायको हरखली, आणि उस्तादला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीने दारातूनच परत पाठवलं तर काय, या धास्तीने त्याला धड जेवणही गेलं नाही. तरी तिच्या सुट्टीच्या दिवशी एक ताटली टॉवेलात गुंडाळून तो तिच्या घरी गेला.

तिने पाणी दिलं, बसायला सांगितलं. रागाचा मागमूस नव्हता. वाटेत घोकलेलं सगळं तो विसरला.

"डोळे माझे गेले होते, आणि आंधळी तुला ठरवलं," तो म्हणाला. "चुकलं माझं. परत ये. कधी थांबायचं ते यापुढे तू सांगायचंस."

त्याने टॉवेल सोडून ताटली तिच्या हातात दिली आणि रंग कसा उतरलाय ते विचारलं.

ती खिडकीशी गेली. ताटली उजेडात फिरवून फिरवून बघत राहिली. उस्ताद जीव मुठीत धरून बसला होता. शेवटी तिने आत नवऱ्याला हाक मारली.

"अहो, जरा येता का? हा निळा बरोबर आहे ना, बघून सांगा."

जावई हात पुसत बाहेर आला. "हिचं हे असंच, बाबा," तो हसत म्हणाला. "साधी ओढणी घ्यायची तरी रंग मला विचारते."

उस्तादला हसता आलं नाही. ती ताटली धरून नवऱ्याच्या उत्तराची वाट बघत उभी होती.